भारत व चीनमधील वनक्षेत्राची तुलना (१९९० ते २०२०) : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

सारांश :
भारत आणि चीन या दोन देशांच्या वनक्षेत्राची तुलना भूगोल, अर्थशास्त्र व पर्यावरण अभ्यास या विषयांत वारंवार केली जाते. या तुलनेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आकडे प्रमाण मानले जातात. हे आकडे ज्या व्याख्यांवर आणि मोजणीच्या ज्या पद्धतींवर उभे आहेत त्यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. दोन्ही देशांच्या आकड्यांच्या मालिका सारख्या रीतीने तयार झालेल्या नाहीत. त्यामुळे केवळ क्षेत्रफळ किंवा टक्केवारी यांवरून काढलेले निष्कर्ष अपुरे व काही वेळा दिशाभूल करणारे ठरतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : वनक्षेत्र, वनाच्छादन, वृक्षछत्र, वन सर्वेक्षण, वनीकरण, नैसर्गिक वन.

प्रस्तावना :
पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाल्यापासून वनांविषयीचे तक्ते अध्यापनाचा नित्याचा भाग झाले आहेत. अशा तक्त्यांत भारताशेजारी चीनचे नाव बहुधा असतेच, आणि त्याला कारणेही आहेत. दोन्ही देश प्राचीन कृषिसंस्कृतीचे आहेत, दोहोंची लोकसंख्या प्रचंड आहे, आणि दोहोंनी विसाव्या शतकात आपल्या वनांचा मोठा ऱ्हास पाहिला आहे. १९९० नंतर मात्र, जागतिक वनक्षेत्र घटत असताना, या दोन्ही देशांच्या नावापुढे वाढ नोंदली गेली. ही घटना निश्चितच अभ्यासनीय आहे. तथापि, 'वाढ झाली' या विधानापाशी थांबल्यास काय वाढले, कोठे वाढले आणि ते कसे मोजले गेले हे तीन प्रश्न अनुत्तरित राहतात. या तीन प्रश्नांच्या आधारे सदर तुलनेची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. आकड्यांचे प्रथमदर्शनी स्वरूप
अन्न व कृषी संघटनेच्या 'जागतिक वनसंपदा मूल्यमापन २०२०' या अहवालातील आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता क्र. १ : वनक्षेत्र, कोटी हेक्टरमध्ये (कंसात भूक्षेत्राशी टक्केवारी)
१९९० : भारत ६.३९ (२१.५), चीन १५.७१ (१६.७)
२००० : भारत ६.७६ (२२.७), चीन १७.७० (१८.८)
२०१० : भारत ६.९५ (२३.४), चीन २०.०६ (२१.३)
२०२० : भारत ७.२२ (२४.३), चीन २२.०० (२३.३)

या एकाच तक्त्यातून परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता येतात. टक्केवारी पाहिली तर चारही वर्षी भारत पुढे आहे. एकूण क्षेत्र पाहिले तर २०२० मध्ये चीनचे वनक्षेत्र भारताच्या तिपटीहून अधिक आहे. वाढ पाहिली तर तीस वर्षांत चीनमध्ये सुमारे ६.२९ कोटी हेक्टरची, म्हणजे ४० टक्क्यांची भर पडली; भारतात ती सुमारे ८२ लाख हेक्टर, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास आहे. १९९० मध्ये भारतात जेवढे वन होते, जवळजवळ तेवढे चीनने तीस वर्षांत नव्याने नोंदवले. दरडोई प्रमाण काढल्यास २०२० मध्ये भारताच्या वाट्याला सुमारे ०.०५ हेक्टर, चीनच्या वाट्याला सुमारे ०.१६ हेक्टर येते, तर जागतिक सरासरी ०.५२ हेक्टर आहे. याच संघटनेच्या २०२५ च्या मूल्यमापनात भारताचे वनक्षेत्र ७.२७ कोटी व चीनचे २२.७ कोटी हेक्टर नोंदवले असून, दोहोंमधील अंतर वाढतच असल्याचे त्यातून दिसते.

कोणता निर्देशांक निवडावा हे अभ्यासकाच्या हेतूवर अवलंबून असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु निवड करण्यापूर्वी दोन्ही स्तंभांतील आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत की नाहीत, हे तपासणे अगत्याचे आहे.

२. 'वन' या संज्ञेचे तीन अर्थ
अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार किमान ०.५ हेक्टर क्षेत्र, पाच मीटरहून उंच वृक्ष आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेली जमीन म्हणजे वन होय. वृक्षछत्र म्हणजे वरून पाहिल्यास जमिनीचा जितका भाग झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला दिसतो तितके प्रमाण. मात्र जिचा मुख्य वापर शेती किंवा नागरी वस्ती हा आहे ती जमीन या व्याख्येतून वगळली जाते. फळबागा व तेलताडाची लागवड वन ठरत नाही. रबराची लागवड मात्र वन ठरते. तोडीनंतर तात्पुरती मोकळी असलेली वनजमीनही वनच मानली जाते. थोडक्यात, ही व्याख्या जमिनीच्या वापरावर आधारलेली आहे.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेची व्याख्या जमिनीवरील आच्छादनावर आधारलेली आहे. किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के किंवा अधिक वृक्षछत्र असेल तर मालकी, कायदेशीर दर्जा व वृक्षजाती यांचा विचार न करता त्यास वनाच्छादन म्हटले जाते. यात फळबागा, बांबूची बेटे व ताडमाडांच्या बागाही येतात. कोकणातील आंबा-काजूची सलग बाग आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित अरण्य उपग्रहाच्या या हिशेबात 'वनाच्छादन' या एकाच शीर्षाखाली जमा होऊ शकतात. रत्नागिरी वा सिंधुदुर्ग जिल्ह्याची टक्केवारी वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

चीनची व्याख्या तिसरीच आहे. तेथे वृक्षछत्राची अट वीस टक्क्यांची, म्हणजे अधिक कडक आहे. क्षेत्राची अट मात्र एक 'मू', म्हणजे ०.०६७ हेक्टर किंवा सुमारे साडेसहा गुंठे इतकी सैल आहे. शिवाय फळे, तेलबिया आदींसाठी लावलेली 'आर्थिक वने' आणि कोरड्या प्रदेशातील शासनाने विशेष मान्यता दिलेली झुडुपी वने यांचाही राष्ट्रीय आकडेवारीत समावेश होतो.

भारतापुरता विचार केला तरी कायद्याचा एक चौथा अर्थ उरतो. 'भारत वन स्थिती अहवाल २०२१' नुसार देशातील वनाच्छादन ७,१३,७८९ चौ. कि.मी. होते. त्यांपैकी ५,१६,६३० चौ. कि.मी. शासनदप्तरी वन म्हणून नोंदलेल्या क्षेत्रात आणि १,९७,१५९ चौ. कि.मी. त्या क्षेत्राबाहेर होते. म्हणजे एकचतुर्थांशाहून अधिक वनाच्छादन दप्तरी वनाच्या बाहेर आहे. उलटपक्षी दप्तरी नोंदलेले वनक्षेत्र सुमारे ७.७५ लाख चौ. कि.मी. असल्याने त्यातील जवळपास २.५८ लाख चौ. कि.मी. जमिनीवर वनाच्छादन आढळत नाही. यात उजाड जमीन आहे, तशीच माळराने, वाळवंट व हिमप्रदेशही आहेत. त्यामुळे या साऱ्यास ऱ्हास म्हणणेही योग्य ठरणार नाही. वन म्हणजे काय याविषयीची ही संदिग्धता केवळ शास्त्रीय स्वरूपाची नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरण्याचा आदेश दिला आणि १९८० च्या वन संवर्धन अधिनियमाची कक्षा विस्तारली. २०२३ च्या दुरुस्तीने ती कक्षा पुन्हा नव्याने आखली. व्याख्येतील एका शब्दावर हजारो हेक्टर जमिनीचे भवितव्य ठरते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

टक्केवारीचा छेद कोणता, हाही प्रश्न दुर्लक्षिला जातो. अन्न व कृषी संघटना जलाशय वगळून उरलेल्या भूक्षेत्राशी प्रमाण काढते, तर भारतीय वन सर्वेक्षण ३२,८७,४६९ चौ. कि.मी. या एकूण भौगोलिक क्षेत्राशी. म्हणूनच एकाच सुमारास एका तक्त्यात भारताचे प्रमाण २४.३ टक्के आणि दुसऱ्यात २१.७१ टक्के असे दिसते. भारताचा आकडा एका स्रोतातून आणि चीनचा दुसऱ्या स्रोतातून घेतल्यास तुलना तेथेच फसते.

३. मोजणीच्या पद्धतीतील बदल
व्याख्येपेक्षाही गंभीर प्रश्न मोजणीच्या पद्धतीचा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाची स्थापना १९८१ मध्ये झाली व पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी उपग्रहचित्रांचे वाचन डोळ्यांनी, एकास दहा लाख या प्रमाणावर होत असे आणि चारशे हेक्टरहून लहान वनखंड नकाशावर येत नसे. १९८९ ते १९९९ या काळात हे प्रमाण एकास अडीच लाख झाले व किमान क्षेत्र पंचवीस हेक्टरवर आले. २००१ पासून संपूर्ण देशाचे विश्लेषण संगणकीय पद्धतीने, एकास पन्नास हजार या प्रमाणावर होऊ लागले आणि एक हेक्टरचा तुकडाही मोजणीत आला.

या बदलाचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९९१ च्या अहवालात वनाच्छादन सुमारे ६.३९ लाख चौ. कि.मी. होते. १९९७ मध्ये ते ६,३३,३९७ आणि १९९९ मध्ये ६,३७,२९३ चौ. कि.मी. नोंदले गेले. म्हणजे एकाच प्रमाणावर मोजलेल्या या दशकात वनाच्छादन जवळपास स्थिर, किंबहुना किंचित घटलेले होते. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, २००१ च्या अहवालात, ते एकदम ६,७५,५३८ चौ. कि.मी. झाले. ३८,२४५ चौ. कि.मी., म्हणजे ३८ लाख हेक्टरांहून अधिक वन दोन वर्षांत उगवणे निसर्गतः संभवत नाही. जे लहान तुकडे पूर्वी दिसत नव्हते ते नव्या पद्धतीत दिसू लागले, हाच या उडीचा मुख्य अर्थ आहे.

आता तक्ता क्र. १ पुन्हा पाहावा. १९९० ते २००० या दशकात भारताच्या नावापुढे सुमारे ३६.५ लाख हेक्टरची वाढ आहे. १९९० चा आकडा जुन्या पद्धतीच्या अहवालाशी आणि २००० चा आकडा नव्या पद्धतीच्या अहवालाशी जुळतो. साहजिकच तीस वर्षांच्या ८२ लाख हेक्टर वाढीपैकी या पहिल्या दशकातील वाढ ही जमिनीवरची वाढ म्हणून स्वीकारता येत नाही. येथे आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. याच संघटनेच्या २०१० च्या मूल्यमापनात भारताचे २००० सालचे वनक्षेत्र सुमारे ६.५४ कोटी हेक्टर दिले होते. २०२० च्या मूल्यमापनात त्याच वर्षासाठी ६.७६ कोटी हेक्टर दिले आहे. संघटनेचे आकडे सदस्य देशांनी पाठवलेल्या माहितीवर आधारलेले असतात आणि प्रत्येक आवृत्तीत मागील वर्षांचे आकडेही बदलू शकतात. दोन आवृत्त्यांतील आकडे एका तक्त्यात मिसळल्यास भूतकाळच बदलल्यासारखे होते.

चीनच्या बाबतीत व्याख्या बदलली. १९९४ पर्यंत तेथे वनासाठी तीस टक्के वृक्षछत्राची अट होती. ती वीस टक्क्यांवर आणण्यात आली. चौथ्या राष्ट्रीय वनगणनेत (१९८९ ते १९९३) वनांचे प्रमाण १३.९२ टक्के व क्षेत्र १३.३७ कोटी हेक्टर होते. नव्या व्याख्येनुसार झालेल्या पाचव्या गणनेत (१९९४ ते १९९८) ते १६.५५ टक्के व १५.८९ कोटी हेक्टर झाले. तक्ता क्र. १ मधील चीनचा १९९० चा आकडा १५.७१ कोटी हेक्टर आहे. तो समकालीन चौथ्या गणनेपेक्षा नंतरच्या पाचव्या गणनेच्या जवळ जातो. यावरून चीनच्या मालिकेत मागील आकडे नव्या व्याख्येशी जुळवून घेतलेले असावेत, असा निष्कर्ष निघतो. म्हणजे एका देशाच्या मालिकेतून व्याख्याबदलाची उडी काढून टाकलेली दिसते, तर दुसऱ्या देशाच्या मालिकेत पद्धतीबदलाची उडी तशीच राहिलेली दिसते. वरवर समांतर दिसणारे दोन स्तंभ प्रत्यक्षात समांतर नाहीत, ही या तुलनेची मूलभूत मर्यादा आहे.

४. वाढीमागील धोरणे व वाढीचे स्वरूप
मोजणीच्या या मर्यादा मान्य करूनही चीनमधील वाढ खरी व मोठी आहे, हे नाकारता येणार नाही. १९५८ च्या 'मोठ्या झेपे'च्या काळात लोखंड वितळवण्याच्या गावभट्ट्यांसाठी तेथे अपरिमित वृक्षतोड झाली होती. १९७८ मध्ये उत्तरेकडील वाळवंटाचा प्रसार रोखण्यासाठी संरक्षक वनपट्ट्यांची योजना सुरू झाली; तिचा आराखडा २०५० पर्यंतचा आहे. १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुराने धोरणाला निर्णायक वळण दिले. त्याच वर्षी नैसर्गिक वनांच्या संरक्षणाचा कार्यक्रम आणि १९९९ पासून तीव्र उताराची शेतजमीन वनाखाली आणण्याची योजना सुरू झाली. या योजनेत शेतकऱ्यांना मोबदला म्हणून धान्य व रोख रक्कम देण्यात आली.

तथापि, नवव्या वनगणनेनुसार (२०१४ ते २०१८) चीनच्या सुमारे २२ कोटी हेक्टर वनांपैकी सुमारे ८ कोटी हेक्टर वने मानवनिर्मित आहेत. युनान व हैनानमधील रबर किंवा ग्वांगशीमधील निलगिरी यांची एकजातीय लागवड क्षेत्रफळात भर घालते. मूळच्या अरण्यातील जीवसृष्टी ती परत आणत नाही. कमी पावसाच्या प्रदेशातील दाट लागवडीने जमिनीतील ओलावा घटतो, हा अनुभवही तेथील वनीकरणातून पुढे आला आहे. याखेरीज देशांतर्गत नैसर्गिक वनांतील तोड आवळत असताना चीन जगातील सर्वांत मोठा लाकूड आयातदार बनला. स्वतःच्या सीमेत राखलेल्या वनाची काही किंमत रशिया व आग्नेय आशियातील वनांनी मोजली. देशनिहाय तक्त्यात हा हिशेब उमटत नाही.

भारतातील वाढीचे स्वरूप वेगळे आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोलास प्राधान्य दिले आणि एकतृतीयांश क्षेत्र वनांखाली वा वृक्षांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९८० च्या अधिनियमाने वनजमिनीच्या अन्य वापरास आळा घातला. मात्र वाढ नेमकी कोठे झाली हे पाहिले की चित्र बदलते. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत देशाचे वनाच्छादन १,५४० चौ. कि.मी.ने वाढले. घनतेनुसार विभागणी केल्यास अतिघन वनात ५०१ व विरळ वनात २,६२१ चौ. कि.मी.ची वाढ, तर मध्यम घन वनात १,५८२ चौ. कि.मी.ची घट आढळते. प्रदेशानुसार पाहिल्यास आंध्र प्रदेश, तेलंगणा व ओडिशा यांनी वाढीचा मोठा भाग उचलला, तर ईशान्येकडील राज्यांत मिळून १,०२० चौ. कि.मी. वनाच्छादन घटले. ईशान्येतील वर्षावनाचा एक चौरस किलोमीटर आणि शेताच्या बांधालगतच्या सुरू-निलगिरीच्या रांगांचा एक चौरस किलोमीटर बेरजेत सारखेच मोजले जातात. निव्वळ वाढीच्या या बेरजेत नैसर्गिक वनाची हानी झाकली जाते, आणि हानी झाकली गेली की तिच्यावरील उपायांची निकडही उरत नाही.

५. 'हिरवेपणा'विषयीचे एक उद्बोधक संशोधन
२०१९ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात २००० ते २०१७ या काळातील उपग्रह-नोंदींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातील पर्णाच्छादनाच्या वाढीचा सुमारे एकतृतीयांश वाटा भारत व चीन यांचा आहे, असे त्यात आढळले. या वृत्ताचा भारतात पुष्कळ गौरवपूर्ण उल्लेख झाला. त्याच अभ्यासातील पुढील तपशील मात्र क्वचितच उद्धृत केला जातो. चीनच्या हिरवेपणात वनांचा वाटा ४२ टक्के व शेतीचा ३२ टक्के होता. भारताच्या हिरवेपणात शेतीचा वाटा ८२ टक्के व वनांचा केवळ ४.४ टक्के होता. भारताचा हिरवेपणा प्रामुख्याने सिंचन, खते व दुबार पिके यांतून आलेला आहे. त्यास वनवाढीचा पुरावा मानणे म्हणजे पिकाखालील जमिनीला अरण्य समजणे होय.

६. तुलनेसाठी काही पथ्ये
वरील विवेचनावरून दोन देशांची तुलना निरर्थक आहे असा अर्थ काढू नये. ती अधिक काटेकोर व्हावी, एवढाच आग्रह आहे. त्यासाठी अध्यापन व संशोधनात पुढील पथ्ये पाळता येतील.
(१) दोन्ही देशांचे सर्व आकडे एकाच स्रोताच्या एकाच आवृत्तीतून घ्यावेत व आवृत्तीचे वर्ष नोंदवावे.
(२) टक्केवारीसोबत तिचा छेद, म्हणजे भूक्षेत्र की भौगोलिक क्षेत्र, स्पष्ट लिहावा.
(३) व्याख्या वा पद्धत बदलल्याचे वर्ष तक्त्यात दर्शवावे व त्या वर्षाच्या अलीकडील आणि पलीकडील वाढीची बेरीज करू नये.
(४) नैसर्गिक वन व लागवडीचे वन, तसेच घन व विरळ वन यांचे आकडे स्वतंत्र द्यावेत.
(५) निव्वळ वाढीसोबत स्थूल हानीही द्यावी आणि लाकडाच्या आयातीची दखल घ्यावी.

समारोप :
वनक्षेत्राच्या आकड्यांना आता आंतरराष्ट्रीय करारांचे वजन प्राप्त झाले आहे. २०३० पर्यंत वने व वृक्ष यांच्याद्वारे अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याची अतिरिक्त क्षमता निर्माण करण्याचे वचन भारताने पॅरिस कराराच्या निमित्ताने दिले. चीनने आपल्या वचनात वनांतील लाकूडसाठ्याच्या घनफळाचे उद्दिष्ट घातले आहे. क्षेत्रफळापेक्षा साठ्याचे घनफळ हे वनाच्या स्थितीचे अधिक बोलके माप आहे, आणि या एका बाबतीत चीनचा पवित्रा भारतीय अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे.

भारत व चीन यांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा की, चीनने लागवडीच्या बळावर वनक्षेत्र मोठ्या प्रमाणात वाढवले आणि त्यासाठी पाणी, जैवविविधता व इतर देशांतील वने यांची किंमत मोजली. भारताने शेतजमिनीचा प्रचंड दाब असूनही आपले वनाच्छादन बहुतांशी टिकवले. परंतु नोंदलेल्या वाढीचा मोठा भाग मोजणीच्या सूक्ष्मतेतून व विरळ वनांतून आलेला आहे. टक्केवारीत भारत चीनच्या किंचित पुढे आहे, हे विधान तक्त्यापुरते खरे आहे. ईशान्येतील घटते अरण्य व मध्यम घन वनांची पीछेहाट त्या विधानात दिसत नाही. वर्गात हा तक्ता मांडताना ही घट त्याच्याच शेजारी मांडली गेली पाहिजे.